पटसंख्या

सोमवारी पहाटे दुधाचा ट्रक फाट्यावर थांबतो.
निकानोर दार आतून ढकलतो; बाहेरची मूठ
मागच्या हिवाळ्यात निखळली, ती निखळलीच.
"काय माएस्त्रा, आहे का शाळा अजून?"
हा त्याचा नमस्कार.
आहे, म्हणते मी, आणि त्याच्या हातातला माते घेते,
कडू, जीभ पोळणारा.
पायाशी पिशवी: वह्या, यीस्ट, यामांदूच्या चष्म्याचा स्क्रू,
आणि एक जाड कादंबरी
जी दर शुक्रवारी न उघडताच परत जाते.

ताकुआरेम्बोपासून बासष्ट किलोमीटर. शाळा क्रमांक त्र्याहत्तर.
एक खोली, एक चूल, मागे माझी खाट.
झेंड्याच्या खांबाला मध्यावर एक आडवी पट्टी आहे,
तिच्यावर ओर्नेरोच्या जोडीने मातीचं घर बांधलंय,
म्हणून झेंडा अर्ध्यावरच थांबतो.
निरीक्षकबाई आल्या तेव्हा गाडीतून उतरता उतरता
हळू आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं?"

पटावर पाच.
पाच पांढरे डगले, पाच निळे बो,
त्यातला मिल्तोनचा नऊ वाजेपर्यंत सुटलेला.
पाच जणांत चार इयत्ता.
दाहियानाचे अपूर्णांक तपासताना
डाव्या हाताने मिल्तोनचं पेन्सिल धरलेलं बोट सरळ करायचं,
आणि भात करपतोय का, ते नाकाने बघायचं.

मे महिन्यात पत्र आलं.
पट चारच्या खाली गेल्यास शाळा 'पुनर्रचनेत समाविष्ट' होईल.
बंद हा शब्द त्यांच्या कार्यालयात वापरत नाहीत.
आणि जूनमध्ये फागुंदेसची मेंढरं विकली गेली,
कुरणात आता पाइनची रोपं, सरळ रांगेत, पटावरल्यासारखी,
पण त्यांना कोण शिकवणार, आणि काय.
फागुंदेस कुटुंब निघालंय रिव्हेराला, सरहद्दीवर, मामाच्या टायरच्या दुकानात.
यामांदू आणि दाहियाना. पाचातून दोन.
ही वजाबाकी दाहियानानेच फळ्यावर मांडली,
खडू जोरात दाबून.
मी बरोबरची खूण केली.
करावीच लागली.

रात्री वारा निलगिरीत शिरतो आणि बाहेर यायचं विसरतो.
अशा वेळी मला एक सिनेमा आठवतो.
विशीत होते. बंदरातल्या गावात घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई,
तिचा भाऊ तिला न्यायला येतो, ती फक्त स्टूल पुढे सरकवते.
तेवढ्यात वीज गेली.
थिएटरवाल्याने अर्धे पैसे परत दिले.
ती गेली की राहिली, मला आजतागायत माहीत नाही;
शोधला असता तर सापडला असता. नाही शोधला.
अर्धं तिकीट त्याच कादंबरीत आहे, पान दोनशे बारा.
कादंबरी नदीकाठच्या एका डॉक्टरच्या तीन पिढ्यांची.
सहा वेळा वाचलीय,
धाकट्या भावाला अजून माफ करू शकलेले नाही.

गुरुवारी मात्र शाळेत सिनेमा असतो.
माझी चादर, सरकारी लॅपटॉप, बटाट्याच्या खोक्यावर उधारीचा प्रोजेक्टर.
शिडी घेऊन चालणाऱ्या माणसाचा मुका सिनेमा लागला
की मिल्तोन तो पडण्याआधीच हसतो,
आणि पडला की गंभीर होतो.
रोसमारी पडद्याकडे पाठ करून बाकीच्यांची तोंडं बघते.
परवा घोड्यांचा लावला होता. नायक मेला, संगीत वाजलं,
माझे डोळे भरले, आणि यामांदू म्हणाला:
"पण घोडा? त्याला आता चारा कोण घालणार?"
मी म्हटलं, शेजारी.
"शेजारी तर दाखवलेच नाहीत."

आता समोर तक्ता आहे.
रकाना सात: अपेक्षित पटसंख्या, मार्च.
रोसमारीच्या आईला दिवस गेलेत. म्हणजे अजून सहा वर्षं.
निकानोरची नात आहे, पण ती शहरात, तिला इंग्रजी हवंय.
पेन्सिलीने पाच लिहिते, खोडते,
कागद तिथे पातळ झालाय.
शेवटी रकाना तसाच सोडून
यामांदूचा चष्मा घेते. स्क्रू एवढासा,
दोनदा जमिनीवर पडला, दोनदा गुडघ्यांवर बसून शोधला.
बसला एकदाचा.
सकाळी त्याला सांगायचं, घोड्याचं अजून ठरलेलं नाही.