एक निकाल बाकी

रात्री उशिरा रेडिओवर
धीम्या गतीच्या बातम्या लागायच्या.
बाई एकेक शब्द ठेवत जायची
खाटेवर बिबडे टाकावेत तशी,
आणि मी अमळनेरात, मिलच्या मागच्या गल्लीत,
पाठकोऱ्या कागदावर उतरवून घ्यायचो.

त्या रात्री एका बेटाची निवडणूक आली.
देश म्हणे. अख्खा देश,
आणि माणसं आपल्या आठवडी बाजाराइतकी.
संसदेच्या जागा पंधरा.
होडीवाल्या पक्षाच्या सात,
माडवाल्यांच्या पाच,
अपक्ष दोन.
मग खरखर. मग क्रिकेट.

पान एकवर चार ओळींचं भोक उरलं होतं,
केळीचे भाव आणि एका उत्तरकार्याच्या मधे.
सुपडूअप्पा खिळे जुळवता जुळवता थांबले.
त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता,
बेरीज मात्र पक्की.
"भाऊ, सात नि पाच बारा, नि दोन चौदा.
एक कोठे गया?"

मी म्हटलं, लावा तसंच. कोण मोजतंय?
"ऱ्हासच एखादा मोजणारा."

मग चहा मागवून आम्ही त्या एकाला शोधत बसलो.
मतं सारखी पडली असतील,
चिठ्ठी उचलायला लहान पोर हवं,
आणि पोरं झोपली असतील.
उमेदवार मधेच वारला असेल.
किंवा कुणाला आधीच उंच खुर्चीवर बसवून
मोजणीतून वजा केला असेल.
किंवा, हे अप्पांचं,
शेवटच्या टोकाची पेटी अजून होडीत असेल.
भरतीची वाट बघत होडी,
पेटीवर बसलेला एक मास्तर,
धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

मी म्हटलं, तिकडे धोतर नसतं.
अप्पा म्हणाले, मास्तर तर असतो.

'ळ' संपले होते, केळीनं खाल्ले.
म्हणून 'जागा मिळाल्या'चं 'जागा आल्या' केलं,
आणि शेवटी जोडलं: एक निकाल बाकी.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड.
तापीकाठचं खापरखेडं. अक्षर पोराचं, बोलणं बाईचं.

'संपादक साहेब यांस,
त्या बेटाच्या एका जागेचं पुढे काय झालं
ते तुम्ही छापलं नाही.
मी वॉर्ड तीनची मेंबर. आमचा वॉर्ड नदीपल्याड.
आमची पेटी नावेतून आली, शेवटी मोजली.
मी निवडून आले हे मला नावाड्यानं सांगितलं,
तोवर अल्याडचा गुलाल संपला होता.
सरपंच निवडायच्या दिवशी तापीला पाणी,
आठ जणांत ठरवून मोकळे झाले.
ऑफिसात खुर्च्याही आठच आहेत.
नववी आणा म्हणून तीन बैठका मी उभी आहे.
तरी बेटाचं कळवावं.
केवळाबाई आत्माराम कोळी.'

महिनाभर मी रेडिओला कान लावून बसलो.
कुठे लढाई, कुठे तेलाचा भाव,
कुणी मंत्री कुणाला भेटून परतला.
बेट परत आलं नाही.
एवढ्याशा देशाला वर्षात एकदाच बोलावतात.

मी उत्तर लिहिलं:
'होडी अजून पोचलेली नाही. पोचताच छापू.
खुर्ची आली का?'
पत्र गेलं. पावसाळा होता.

अप्पांनी ती ओळ काही मोडली नाही.
दोरा गुंडाळून कप्प्यात ठेवून दिली.
"लागंन कधीमधी."
लागली. नगरपालिकेला, सूतगिरणीला,
एकदा दहावीच्या बोर्डालाही.

पुढे छापखाना गेला, शिसं किलोवर गेलं.
ती एक ओळ मी खिशात घालून आणली.
आता विजेच्या बिलांवर वजन म्हणून असते.
नातू उलटीकडून वाचायला बघतो, बाकीपासून,
आणि विचारतो, कसला निकाल?
मी म्हणतो, थांब,
मास्तर पेटीवर बसलाय,
पाणी चढू दे.