वाफ कुठून जाते

कन्नमवार नगरात जिन्याखाली माझं दुकान.
कुकर, स्टोव्ह, मिक्सरची भांडी.
बायका पिशवीतून झाकण काढतात, म्हणतात,
शिट्टीच होत नाही हो, नुसतं फुसफुसतं.
मी कान लावतो आणि सांगतो
वाफ कुठून जाते.

घरात मात्र वर्षभर
मला ऐकूच आलं नाही.
सुमेध म्हणायचा थाखर, थाबण, थायकल.
आम्ही हसायचो,
पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणायला लावायचो.
मग चाळीस नंबर इमारतीतली पोरं
त्याला थुमेध म्हणायला लागली,
आणि तो शब्द निवडून बोलायला लागला.
चपातीवर गूळ दे, म्हणायचा.
वाढदिवसाला बॅट मागितली,
रोज दुकानासमोरची लाल सायकल
हात लावून बघायचा तरी.
साडेपाच वर्षांचं पोर,
एका अक्षराला वळसा घालून
अख्खं वाक्य बांधत होतं.

शीवच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर
काळसेकर मॅडमनी त्याच्या हातात आरसा दिला.
दातांचं दार लाव. जीभ घरात.
आता फटीतून हवा सोड, बारीक.
जीभ दर वेळी बाहेर डोकवायची,
कोण आलंय बघायला.
तुम्ही काय करता, त्यांनी मला विचारलं.
म्हटलं, कुकरचे गॅस्केट बदलतो.
मग तुम्हाला कळेल, म्हणाल्या,
इथे बदलायचं काही नाही,
नीट बसवायचंय फक्त.

संध्याकाळी दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये
आमची शाळा.
दाढीचा आरसा, रसवाल्याकडून आणलेली स्ट्रॉ,
आणि स्टोव्हवर रिकामा कुकर, नुसत्या पाण्याचा.
शिट्टीच्या आधी तो कसा चढत जातो, ऐक.
स्स्स्स्.
तसंच. शिट्टी नाही मारायची, नुसतं चढायचं.
पंधरा दिवस एकटा स.
मग बस, रस, फणस.
मग सा, सी, सू.
नाव सगळ्यात शेवटी, मॅडम म्हणाल्या होत्या,
नावाला घाई करू नका.

आणि दार लावता लावता म्हणाल्या होत्या,
तुम्ही त्याच्या आधी बोलता.
मी घरी येईपर्यंत मोजलं.
कंडक्टर, केमिस्ट, तळमजल्याचे म्हात्रे काका.
नाव काय रे तुझं,
की मी सुमेध म्हणून मोकळा,
झाकण दाबून बसवावं तसा.
मला वाटायचं मी त्याला वाचवतोय.

परवा रविवारी एक बाई आल्या,
पाच लिटरचा जुना कुकर घेऊन.
नाव काय बाळा?
मी दोन स्क्रू उचलले
आणि ओठांत धरले.
सुमेधने माझ्याकडे बघितलं.
माझं तोंड भरलेलं.
त्याने दात मिटले.
स्स्स्स्स्स्
बाईंनी दचकून स्टोव्हकडे पाहिलं.
उमेध, तो म्हणाला.
मग सगळं जोडून, एका दमात,
सुमेध.

छान, बाई म्हणाल्या, त्यांना काय माहीत.
गॅस्केटचे किती?
मी स्क्रू काढतोय तोवर
तोच बोलला, न अडखळता, न वळसा घेता,
थाठ रुपये.

बाईंनी पाकीट उघडलं
आणि साठच मोजले.