कृपामावशीचा डाव

मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात दीड रुपयाला घेतलेला
हा लाकडी डाव
चौऱ्याहत्तर साली मावशीबरोबर इंग्लंडला गेला.
मिशन दवाखान्यातली नर्स, कृपा शलमोन काळोखे.
आमटी ढवळायला नेला होता.

आमटी फार ढवळली नाही त्यानं.
तिथल्या दारांना पत्रापुरती फट असते, आत कुत्रं.
पत्रक डावावर ठेवायचं, ढकलायचं, हात मागे.
पहिल्याच निवडणुकीत करंगळीचं टोक गेलं,
मग डाव पर्समध्ये आला तो कायमचा.

पक्ष कुठला, तर हुजूर पक्ष.
आजोबा हसले : आपण पिढ्यान्‌पिढ्या हुजूर म्हणत आलो,
तू थेट पक्षातच गेलीस.
तिला हसू आलं नाही. लिहिलं,
संपात आठ दिवस चादरी बदलल्या नव्हत्या,
म्हातारी माणसं ओल्यात निजलेली,
आणि फाटकावर मला म्हणत होते, आत जाऊ नको.
मी गेले.
ड्युटी संपवून तशीच पक्षाच्या ऑफिसात गेले.

तीनदा उभी राहिली, तीनदा पडली.
चौथ्यांदा नगरसेवक, एकोणीस मतांनी.
"ती एकोणीस घरं मला माहितायत," फोनवर म्हणाली,
"सगळ्यांत कुत्री."

बाहेरून येणाऱ्यांना आवरा, असं तिच्या पत्रकावर होतं.
मी विचारलं, मावशी, तू कुठनं गेलीस?
थोडा वेळ नुसती खरखर.
मग : मी रांगेतनं गेले.

एकदा इथं आली, ऐन पालिकेच्या धामधुमीत.
चौकातल्या पोरांना विचारलं, किती दारं झाली?
"दारं कशाला मावशी, पाकिटं पोचली की."
रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
सकाळी त्यांच्याच गठ्ठ्यातली दोनशे पत्रकं उचलली,
उमेदवार कोण तेही न वाचता
निघाली.
आमच्या दारांना फट नाही.
लोकांनी उघडलं, बसवलं, चहा दिला.
दिवेलागणीपर्यंत अकरा घरं.
"असं कसं जिंकता रे तुम्ही," पोट धरून म्हणाली.

गेल्या जूनमध्ये पार्सल आलं.
डाव, कडेनं कुरतडलेला, दात मोजता येतात.
आणि सॅटिनचं निळं फूल, पक्षाचं.
ते खिळ्याला अडकवलं.
शेजारचे कांबळेसर आले, निळा बघून
हात जोडले, जय भीम.
मीही म्हणाले, जय भीम.
काय सांगत बसणार.
मावशीचा आजा
गावकुसाबाहेरून उठून चर्चच्या पायरीवर येऊन बसला,
त्याला कुठली रांग.