विषयाची ओळ

अजमानच्या औद्योगिक वस्तीत, टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर बसून
मी रोज एकशे साठ लोकांना विचारते, कसे आहात.
सांगत कुणीच नाही.
त्याखाली तेलाचे फिल्टर, गॅस्केटं, ओ-रिंगा,
पंधरा टक्के सवलत,
आधी लाल अक्षरांत, मग पिवळ्या पट्टीवर, मग दोन्ही.
कुरुविला साहेब म्हणतात, रिप्लाय का येत नाहीत?
भाषा जरा गोड कर, वृषाली.
केली.
'जेंटल रिमाइंडर' लिहिलं. मग दुसरा जेंटल. मग तिसरा.
चौथ्या वेळी त्या शब्दाचं माझं मलाच
भय वाटायला लागलं.

वेंगुर्ल्याच्या शाळेत पत्रलेखनाला पाच गुण होते.
मायना, मजकूर, शेवट, आणि उजव्या कोपऱ्यात पत्ता.
सामंत बाई म्हणायच्या,
'पत्रास कारण की' लिहिता ना, मग पुढे कारण लिहा गं.
मला साडेचार पडले होते.
अर्धा कशाचा गेला, विचारायचं राहून गेलं.

दिलावर परकार आमची डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. दाभोळचा.
चहाला वर आला तेव्हा म्हटलं, एवढं वाचून सांग.
त्याने फोन हातभर लांब धरला.
"समज, मी सिग्नलला उभा आहे.
हिरवा होईस्तोवर मला काय कळायला हवं?"
मी सांगू लागले, आमची कंपनी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून
संपूर्ण आखातात विश्वासाने—
"झाला हिरवा," तो म्हणाला.
"मागचा हॉर्न मारतोय."

मग खोडायला बसले.
विश्वास खोडला. आखात खोडलं.
माननीय ग्राहक गेला, त्याच्या जागी एक माणूस आला:
नासिर अल नक्बी, खोर फक्कान,
मासळीसाठी बर्फ करतात.
सात आठवडे गप्प.

विषय: तुमचा दुसरा कॉम्प्रेसर
फिल्टर बदलून चौदा महिने झाले.
बुधवारी आमची गाडी तुमच्याकडे येते आहे.
एक टाकू का गाडीत?
हो की नाही, एवढंच कळवा.
वृषाली केळुसकर

आणि पहिल्यांदाच हे ऑफर्सच्या पत्त्यावरून नाही,
माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून पाठवलं.

अकराव्या मिनिटाला उत्तर.
'हो. पण मागचा चार मिलिमीटर लहान होता.
तीनदा कळवलं आहे तुम्हाला.'

कुठे कळवलं?
कुरुविला साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
ऑफर्सच्या पेटीचा पासवर्ड ब्लेसनकडे असायचा.
ब्लेसन दोन वर्षांपूर्वी दोहाला गेला.

संध्याकाळी ती पेटी उघडली.
चारशे बारा.
न वाचलेली, ठळक काळ्या अक्षरांतली,
एकाखाली एक उभी,
पोस्टाच्या खिडकीशी माणसं उभी असतात तशी.
'फिल्टर लहान आहे.'
'फिल्टर अजून लहान आहे.'
'बिल दोनदा आलं.'
'आमचं गॅरेज मार्चमध्ये बंद झालं, कृपया आता थांबा.'
हे वाचलं त्याच दिवशी सकाळी
त्या गॅरेजला मी पंधरा टक्के सूट पाठवली होती.

गोड भाषेवर आम्ही केवढी मेहनत घेतली.

खाली, गेल्या वर्षीच्या जूनमधलं एक.
कल्ब्याचे कुणी इद्रीस, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे.
खरेदीचं काही नाही, तक्रारीचं नाही, दोनच ओळी:
'मॅडम, अल्हम्दुलिल्लाह, पाठ दुखते, बाकी मी ठीक आहे.
तुम्ही कशा आहात?'

चहा निवला होता.
खाली टायरवाल्याचा पंप धडधडला, बंद झाला.
मी 'उत्तर द्या' दाबलं,
आणि मायना काही केल्या सुचेना.