बोळकी किल्ली

नगरसभेच्या दारावरची ढाल
दर अठरा वर्षांनी रंगवतात. यंदा गेझीनची पाळी.
मागच्या खेपेला तिच्या बापानं रंगवली,
आणि निळा कमी पडला तेव्हा
शेजाऱ्याच्या होडीचा उरलेला रंग त्यात मिसळला.

ग्रेव्हनफूर्टची ढाल: तळाशी नागमोडी नदी,
वर रुपेरी जमिनीवर काळी किल्ली.
किल्लीला दात नाहीत.

शिडी धरून उभे दफ्तरदार टीडगे सांगतात,
डावी म्हणू नका, ती उजवी.
ढालीची उजवी-डावी धरणाऱ्याच्या हाताची,
बघणाऱ्याच्या नव्हे.
ब्रश दातांत धरून गेझीन विचारते,
मग ही धरलीये कुणी?

गावाला विचाराल तर गाव सांगेल:
साथीच्या वर्षी पहारेकऱ्याच्या बायकोनं, कुन्नेनं,
नदीपल्याडच्या तापलेल्या माणसांना
रात्री वेशीच्या आत घेतलं.
सकाळी पंचांनी कानस मागवली
आणि किल्लीचे दात घासून टाकले.
शिक्षा म्हणून,
की पुन्हा कुलूपच लागू नये म्हणून,
यावर बेकरीत अजून आवाज चढतात.
त्याच बेकरीत कुन्नेचा पाव मिळतो, किल्लीसारखा.
पोरं आधी मूठ खातात.

टीडगे खिशातून फोटो काढतात.
जुन्या मोहोरेचा ठसा, मेणातला,
कडेचा टवका उडालेला,
नेमका किल्लीच्या टोकाशी.
कुणा कारागिरानं त्या फुटक्या ठशावरून ढाल उतरवली,
इमानेइतबारे, फुटीसकट.
म्हणजे दात होते, ते म्हणतात,
इतक्या हळू, जणू कुन्ने
आतल्या खोलीत झोपलीये.

गेझीन पातं चालवते.
बापाचा थर. आजाचा.
मग एक कोरडा हिरवट, कुणाचा कोण जाणे.
प्रत्येक थरात किल्ली, प्रत्येक थरात बोळकी.
फक्त बापाच्या रंगाखाली, टोकाशी,
शिसपेन्सिलीनं काढलेले दोन दात
आणि ते पुसणारा एक रुंद अंगठा.

घरी कधी बोलला नाही तो याबद्दल.

वेस केव्हाच पडली. तिथं आता बसथांबा.
दुपारच्या बसमधून एक बाई उतरते,
कडेवर पोर, हातात भाषेच्या वर्गाचा कागद,
वर बघते, ढालीकडे, मग शिडीवरच्या गेझीनकडे,
आणि खाणाखुणांनी विचारते, दार हेच का?
हेच, गेझीन म्हणते. ढकला, जड आहे.

टीडगे घसा खाकरतात. मग, दातांचं काय करायचं?

आधी नदी, ती म्हणते,
आणि शेजाऱ्याच्या पोराकडे
होडीचा निळा उरलाय का बघायला
खाली उतरते.