पाव धाव

भातकापणी उरकली की देसूरच्या शिवारात
धसकटं उपटून आम्ही खेळपट्टी बडवतो.
लाल माती, वरून शेणाचा हात.
एका अंगाला रेल्वेचा रूळ,
दुसऱ्या अंगाला तंतूबाईचा रताळ्यांचा वाफा;
तिकडं चेंडू गेला तर धावा दोनच, शिव्या मात्र मोजत नाही कोणी.

धाववही माझ्याकडं असते.
आठवडाभर उद्यमबागेत, फौंड्रीत, मी रिजेक्ट मोजतो.
शंभर नगांत आठ चालतात.
नववा निघाला की मालक जिना उतरून खाली येतात.
म्हणून रविवारी पेन्सिल माझ्याच हातात.

फायनलच्या आदल्या रात्री
मोनाप्पाच्या सायकल दुकानात बल्बखाली बसलो.
कप्तान म्हणाला, वही काढ गा,
निंगाप्पाला ठेवायचं का बसवायचं?

निंगाप्पा हलगेकर. सोळा डाव.
नऊ भोपळे.
उरलेल्या सात डावांत एकशे चाळीस,
त्यातले सतरा षटकार.
डावामागं पावणेनऊ.

आणि दुसरा एक, नाव नको,
सोळा डाव, भोपळा एकही नाही,
ढकल, पळ, ढकल, पळ,
एकशे चव्वेचाळीस. डावामागं नऊ.

म्हणजे फरक पाव धावेचा.
पाव धाव कशी पळतात?
खेळपट्टीच्या चौथ्या हिश्शात थांबून
परत फिरायचं?

ते नऊ माझे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
कोणी बोललं नाही.
मोनाप्पा उगाच एका चाकाचे आरे वाजवून बघत राहिला.

आता वहीत काय नाही, ते सांगतो.
पौषातला तो रविवार, बिजगर्णीवाल्यांशी सामना,
रुळावरून रिकामी मालगाडी चाललेली लोंढ्याकडं,
आणि निंगाप्पानं गुडघा टेकून असा घुमवला
की पोपटी चेंडू वर, अजून वर,
मग सावकाश, कोणीतरी हातानं ठेवावा तसा
उघड्या वाघिणीत.
गाडी थांबली नाही.
चेंडू खानापूर, लोंढा, घाट उतरून गोव्याला गेला असेल,
कदाचित बंदरापर्यंत.
माइकवरचा बसू कन्नडमध्ये ओरडला, होतु! होतु!
तिकडं त्याचा अर्थ, गेला.
माझ्या मराठी कानाला वाटलं,
कोणीतरी कुणाच्या तरी असण्याची साक्ष देतंय.
मी रकान्यात लिहिलं: सहा.
आणखी काय लिहिणार, सहाच्या वर आकडाच नाही तिथं.

ठेवा त्याला, मी म्हणालो.
कप्तान म्हणाला, वही तर तसं म्हणत नाही.
वहीही म्हणत नाही आणि मीही धड सांगू शकलो नाही;
एवढंच म्हणालो,
माझे एकशे चव्वेचाळीस आठवतात का कुणाला?
एक तरी?

फायनल. तीन चेंडू, तीनदा वारा कापला त्यानं.
तंतूबाई बांधावरून म्हणाली, माशा हाणतोय काय हा?
चौथ्यावर मधला स्टंप.
दहावा भोपळा.
मी तेरा, नाबाद. हरलो चार धावांनी.
नाबाद राहून हरण्यात
एक वेगळाच मूर्खपणा असतो,
बॅट काखेत, धाप नाही, कपड्यांना माती नाही.

परतताना माझ्या गाडीवर मागं बसून तो म्हणाला,
घुमवला तर होता की गा.
मच्छे येईपर्यंत दोघंही गप्प.
तिथं उतरून त्यानं दोन ग्लास उसाचा रस सांगितला
आणि पैसे माझ्याकडं मागितले.
हिशेब मी पुन्हा केला नाही.

सोमवार. सकाळची पाळी.
निंगाप्पा साच्यावर वाकलेला.
आठ वर्षं झाली, त्याच्या हातचा नग
माझ्या लाल खडूखाली कधीच आला नाही.
थापीनं कड दाबतो,
कोपऱ्यातला वाळूचा कण फुंकरीनं उडवतो,
इतक्या हळू, की आत कोणी निजलंय.

लांबवर मालगाडीची शिट्टी झाली.
त्यानं मान वर केली नाही.
मी केली.