डावीकडे पड

खरी चौकी टेकडीपलीकडे होतीच,
फ्रेंचांची, दगडी, दोन खोल्या आणि एक तिरका झेंडा.
पण ती म्हणे चौकीसारखी दिसत नव्हती.
म्हणून फिल्मवाल्यांनी अलीकडे दुसरी उभारली,
प्लायवूडची, प्लास्टरची,
बुरूज चार, त्यांतले दोन नुसते पुढून.

साल त्रेपन्न. मी नऊ वर्षांचा.
टोळधाड सोडली तर बीर झेरेगला
इतकं काही एकदम आलेलं मी पाहिलं नव्हतं.

माझा बाप, बेलगासेम, खऱ्या चौकीला पाणी पुरवायचा,
दोन उंट, आठ पखाली, आठवड्यातून दोनदा.
त्याला त्यांनी मरायला घेतलं.
एका दिवसाच्या मरणाला
पाण्याच्या महिन्याहून जास्त पैसे.
आई म्हणाली, मग रोज मर की.

तो मेला. सोमवारी तटावरून, शिपायाच्या कोटात.
मंगळवारी खाली वाळूत, हल्लेखोरांच्या बाजूने,
बहुतेक स्वतःच सोमवारी झाडलेल्या गोळीने.
दुभाषा ओरडायचा: डावीकडे पड, डावीकडे,
उजवीकडे सावली आहे!
बाप घरीही सराव करायचा,
चुलीपाशी, कोंबड्यांच्या मध्ये,
धाकटी टाळ्या पिटायची.

रक्त म्हणजे कसलासा चॉकलेटी पाक.
रात्री आईने कोट धुवायला काढला
तर खिशापर्यंत मुंग्या.
तिने धुतला नाही, नुसता झटकला.
खा बायांनो, म्हणाली, तुमच्या नशिबातलं आहे.

एक दिवस मात्र कुणी हसलं नाही.
गोष्टीत त्या दिवशी विहीर आटली होती.
(आमची मागेच होती, भरलेली.
तिच्यावर त्यांनी कॅनव्हास टाकला होता.)
कॅप्टन झालेला नट, ओठांना पांढरा रंग लावून तहानलेला,
शेवटची बाटली वर धरतो,
आपल्या माणसांकडे बघतो
आणि ओतून टाकतो.
छान केलं त्याने. मलासुद्धा रडू आलं.
मग साहेब म्हणाला, पुन्हा.

सात वेळा.

चौथ्या वेळेला म्हातारी हद्दा पाठ करून बसली,
कुणाचं उघडं अंग दिसल्यावर बसावं तशी.
सहाव्या वेळेला बाप आखलेली रेघ ओलांडून पुढे झाला
आणि त्याने धारेखाली ओंजळ धरली.
साहेब खूप बोलला. दुभाष्याने निम्मंच सांगितलं.
बापाने एक थेंब सांडू दिला नाही,
तसाच चालत गेला, उंटिणीला पाजलं.
त्या दिवसाचं मरण पगारातून कापलं.

ते गेल्यावर तिथे करंगळीएवढं हिरवं काही उगवलं.
आम्ही नीट बघेपर्यंत बकरीने खाल्लं.

पुढे गाबेसला ती फिल्म लागली.
ट्रकच्या पाठीवर रात्रभर बसून गेलो.
पडद्यावर आमची माणसं
आमच्यातलं कुणीच बोलत नाही अशी भाषा बोलत होती.
धाकटीची चप्पल बाकाखाली गेली,
आई वाकली, आणि तेवढ्यात बाप मेला.
झालं? तिने विचारलं.
झालं, तो म्हणाला.

मग ती बाटली.
तीच धार, तोच पांढऱ्या ओठांचा माणूस,
आणि अचानक कोपऱ्यातून दोन हात,
फक्त हात, मनगटापर्यंत.
सहावा तुकडाच ठेवला होता त्यांनी.
सगळं थिएटर गप्प झालं.
शेजारचा माणूस कुजबुजला,
काय डोकं आहे या साहेबाचं!
बापाने हात मांडीवर उलटे करून ठेवले.

किल्ला तीन वर्षांतच वाऱ्याने नेला होता.
दार तेवढं आम्ही आणलं, बकऱ्यांच्या आवाराला.
लोखंडी दिसतं, आतून पोकळ.
रात्री वारा सुटला की कुणी ठोठावल्यासारखं वाजतं.
वाराच असतो हे बापालाही ठाऊक होतं.
तरी उठायचा,
आणि दार उघडायला जाताना
भांडं भरून घ्यायचा.